मामाल ते मावळ : सह्याद्रीतल्या जुन्या नावांच्या शोधात

सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. क्षेत्र, आकारणी, पोटखराबा, खातेदारांची नावे, इतर हक्क हे सगळे नीट भरलेले असते आणि हा एक रकाना मात्र, निदान मी पाहिलेल्या डोंगराळ गावांच्या उताऱ्यांत, बहुधा कोरा असतो. घाटमाथ्यावरच्या एका गावात असाच कोरा उतारा हातात धरून मी एका वृद्ध शेतकऱ्याला त्या तुकड्याचे नाव विचारले. त्यांनी उताऱ्याकडे पाहिलेही नाही. समोरच्या उताराकडे हात करून ते म्हणाले, “त्ये व्हय? उंबराचं पाणी.” तिथे उंबर नव्हता आणि पाणीही दिसत नव्हते. मी तसे म्हटल्यावर त्यांनी मला खाली नेले, काठीने पाचोळा बाजूला सारला आणि माती हातात घ्यायला सांगितली. फेब्रुवारी संपत आला होता, आजूबाजूचे गवत पिवळे पडून मोडत होते, पण ती मूठभर माती दाबली की बोटांना ओल लागत होती. उंबर त्यांच्या वडिलांच्या लहानपणीच पडला होता. झाड गेले तरी पाण्याचा पत्ता नावात राहिला होता.

त्या दिवसापासून मी डोंगरातल्या नावांकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. आपण नावाचा अर्थ विचारतो तेव्हा बहुधा गोष्ट ऐकण्याची अपेक्षा ठेवतो आणि कोणी ना कोणी गोष्ट सांगतोच. डोंगरातले नाव मात्र मुळात चालणाऱ्यासाठी, गुरे राखणाऱ्यासाठी आणि पाणी शोधणाऱ्यासाठी ठेवलेले असते. काळाच्या ओघात उच्चार झिजतो, शब्दाचा मूळ अर्थ विसरला जातो आणि मग त्या झिजलेल्या उच्चाराला जुळेल असा नवा अर्थ लोक बसवतात. म्हणून नावाचा उलगडा करताना मी आधी त्याचे सर्वांत जुने लिखित रूप शोधतो, मग गावातली जुनी माणसे ते कसे उच्चारतात हे ऐकतो आणि शेवटी ती जागा डोळ्यांनी पाहून येतो. कानाला गोड वाटणारी व्युत्पत्ती या वाटेवर बऱ्याचदा गळून पडते.

‘मावळ’ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ज्या दिशेला सूर्य मावळतो तो मुलूख म्हणजे मावळ, हे स्पष्टीकरण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि देशावरून पाहिले तर ते पटतेही, कारण पुण्याच्या बाजूने सूर्य या डोंगरांमागेच जातो. पण कार्ल्याच्या लेण्यात या भागाचे नाव दगडात कोरून ठेवलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या तिथल्या ब्राह्मी लेखांत ‘मामालाहार’ असा शब्द येतो. ‘आहार’ म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग, आजच्या जिल्ह्यासारखा. ‘मामाल’ हे त्या विभागाचे नाव. वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना करजक नावाचे गाव दान दिल्याची ती नोंद आहे. वलूरक म्हणजेच आजचे कार्ले लेणे. करजक म्हणजे कामशेतजवळचे करंजगाव असे अभ्यासकांनी ओळखले आहे.

आता ‘मामाल’चा ‘मावळ’ कसा झाला हे पाहण्यासाठी कोणतीही कथा लागत नाही, आपली रोजची मराठी पुरते. दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘म’चा मराठीत ‘व’ होतो: ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले. दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होतो: फलाचे फळ, कमलाचे कमळ. हेच दोन नियम ‘मामाल’ला लावले आणि मधला ‘आ’ आखूड झाला की ‘मावळ’ हाती येतो. सूर्य मावळण्याचा अर्थ त्या उच्चाराला नंतर चिकटला, कारण तोवर ‘मावळणे’ हे क्रियापद आणि मुलखाचे नाव कानाला सारखेच लागू लागले होते. मला स्वतःला या उलगड्याचा विलक्षण आनंद होतो. लोणावळा लोकलमधून उतरून एखादी बाई “मी मावळातली” असे म्हणते तेव्हा जवळजवळ दोन हजार वर्षांचा शब्द ती सहज उच्चारत असते.

असाच प्रवास ‘कान्हेरी’चा आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात तिच्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, अनेक पर्वतांचा स्वामी म्हटले आहे. त्या यादीत ‘सह्य’ आहे आणि ‘कण्हगिरी’ही आहे. कण्हगिरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. ‘गिरी’तला ‘ग’ झिजला, स्वर एकमेकांत मिसळले आणि कान्हेरी उरली. तिथला काळा पाषाण पावसात भिजलेला ज्याने पाहिला आहे त्याला या नावासाठी दुसरा पुरावा लागणार नाही. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचा अंजनेरी उच्चारला की त्यातही अंजनगिरी ऐकू येतो. ज्या डोंगरात गौतमी बलश्रीचा लेख आहे त्याचे नाव मात्र टिकले नाही. लेखांत त्याला ‘तिरण्हु’ म्हटले आहे, संस्कृतात त्रिरश्मी. आज बहुतेक लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. कोरीव काम कोणाचे हे विसरले गेले की पांडव पुढे येतात, हे महाराष्ट्रात अनेक डोंगरांच्या बाबतीत घडले आहे.

गावांच्या नावांची शेपटे त्यामानाने लवकर ओळखू येतात. खेटाचे खेड झाले. नगराचे नयर आणि पुढे नेर झाले, ते संगमनेर आणि पारनेर यांत दिसते. कोकणात उतरले की ‘वली’ची रांग लागते. ही वली म्हणजे पल्ली, छोटी वस्ती, आणि कन्नडमधली हळ्ळी तिचीच सख्खी बहीण आहे. बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतले थोरला आणि धाकटा. मावळात टाकवे बुद्रुक आणि टाकवे खुर्द दोन्ही आहेत. या शेपटांत माझे मन फारसे रमत नाही, कारण ती वस्तीबद्दल सांगतात, डोंगराबद्दल नाही.

डोंगराबद्दल बोलणारे शब्द वेगळे आहेत आणि ते घाटवाटांवर भेटतात. ‘घाट’ हा शब्द मुळात चढउताराच्या वाटेसाठी आहे. बोरघाट, आंबेनळी घाट, मढे घाट ही सगळी वाटांची नावे आहेत. आपण आज अख्ख्या रांगेला पश्चिम घाट म्हणतो ते इंग्रजांच्या नकाशांमुळे. डोंगरातल्या माणसाला विचारले तर तो अजूनही घाट चढतो आणि घाट उतरतो, घाटात राहत नाही. दोन कड्यांमधली, पावसाळ्यात पाणी वाहणारी अरुंद आणि तीव्र उताराची घळ म्हणजे नाळ, म्हणून बोराट्याची नाळ. ‘निसणीची वाट’ हे नाव एकापेक्षा अधिक ठिकाणी ऐकू येते. निसण म्हणजे शिडी, संस्कृतातली निःश्रेणी. या नावाची वाट नकाशावर दिसली की समजावे, इथे पायांबरोबर हातही लावावे लागणार आहेत आणि पाठीवर ओझे असेल तर दुसरी वाट धरलेली बरी. नाव ठेवणाऱ्याने ही सूचना त्यात मुद्दाम घालून ठेवली आहे.

रतनगडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, राजगडाच्या बालेकिल्ल्यापलीकडे सुवेळा माचीवरही आहे. दोन्हींना ‘नेढे’ म्हणतात. नेढे म्हणजे सुईचे छिद्र. वाऱ्यापावसाने झिजून पडलेल्या, माणूस आत बसू शकेल एवढ्या भोकाला सुईच्या नेढ्याचे नाव देणारी नजर ही घरात गोधडी शिवणाऱ्यांची नजर आहे, असे मला नेहमी वाटते. नेढ्यात बसले की समोरून वारा इतक्या जोराने घुसतो की बोललेले ऐकू येत नाही, आणि खालून पाहिले तर खरोखरच आभाळाचा धागा ओवल्यासारखे दिसते. रतनगडाच्याच शेजारी सांधण दरी आहे. दोन कातळ सांधले जाताना मध्ये फट राहावी तशी ती आहे आणि ‘सांधणे’ हे क्रियापद माहीत असलेल्याला त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नाणेघाटाजवळच्या जीवधनला लागून उभ्या सुळक्याचे जुने नाव वानरलिंगी आणि नवे खडा पारशी. नवे नाव भायखळ्याच्या पुतळ्यावरून आले, म्हणजे ते देणारा मुंबई पाहिलेला होता. नावावरून पाहणारा कुठून आला हेही असे कळते.

नाणेघाटाचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, असे सांगितले जाते. वाट प्राचीन आहे यात शंका नाही, तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. पण नाणे नावाचे गाव कामशेतजवळही आहे आणि त्यावरून नाणे मावळ हे नाव पडले आहे, तिथे ना घाटाचे तोंड आहे ना रांजण. एका नावाचा अर्थ सांगताना त्याच्या भावंडांनाही तो लागू पडतो का, हे तपासलेच पाहिजे. लोणावळ्याचेही तसेच आहे. ‘लेणी’ आणि ‘आवली’ मिळून लोणावळा, लेण्यांची ओळ, हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. मला ते पटत नाही. ‘लेणे’ हा शब्द त्याच परिसरात आजही ‘लेणे’ म्हणूनच बोलला जातो, त्याचा ‘लोणे’ झालेला नाही. मग केवळ गावाच्या नावात तो का बदलावा? शिवाय लोणी, लोणंद, लोणेरे अशी भावंडे राज्यभर पसरली आहेत आणि त्यांच्यापाशी लेण्यांची ओळ नाही.

झाडांवरून पडलेली नावे इतकी आहेत की त्यांची यादी करण्यात अर्थ नाही. करंजगाव, जांभूळपाडा, पळसदरी ही ऐकताच कळतात. पण त्यात उंबराचे स्थान निराळे आहे. उंबर ओलाव्याला धरून वाढतो आणि म्हणून डोंगरात उंबराचे नाव आले की पाणी जवळ असल्याची ती खूण असते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सरदार कारतलबखानाचे सैन्य ज्या खिंडीत अडकले ती उंबरखिंड. त्या लढाईच्या वर्णनांत तहानलेल्या सैन्याचा उल्लेख वाचताना मला त्या नावातला उंबर नेहमी आठवतो: पाण्याच्या जागा ज्यांना नावाने ठाऊक होत्या ते वर दबा धरून होते आणि ज्यांना त्या ठाऊक नव्हत्या ते खाली अडकले होते.

गोष्टी सांगणाऱ्या नावांना मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. तिची कथा अकोले तालुक्यातल्या गावांतून सांगितली जाते. कळसू नावाची कोळ्याची पोर इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे करणार नाही अशा अटीवर. एके दिवशी घरी पाहुणे फार आले आणि तिला तीच कामे करायला लावली गेली. तिने ती केली आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला ती काळदरा. शिखराला कळस म्हणणे ही साधी उपमा आहे आणि नावाचे मूळ तिच्यातच असावे असे भाषेच्या अंगाने वाटते. पण कथेने त्या एका नावाभोवती खालच्या दोन जागाही गुंफून घेतल्या, म्हणून त्या तोंडी राहिल्या. शब्द मोडून केलेल्या व्युत्पत्तीने हे काम झाले नसते. शिवाय शब्दाला धरून राहिलेल्या एका मोलकरणीच्या नावाने राज्यातले सर्वांत उंच ठिकाण ओळखले जाते, हे मला कोणत्याही व्युत्पत्तीहून मोठे वाटते.

सत्तेने ठेवलेल्या नावांचे काय होते, हे किल्ल्यांकडे पाहून समजते. शिवकाळात तोरण्याला प्रचंडगड, तुंगला कठीणगड, तिकोन्याला वितंडगड आणि रोहिड्याला विचित्रगड अशी नावे मिळाली. ती कागदोपत्री आहेत, किल्ल्यांच्या माहितीफलकांवर आहेत, पण पवन मावळात उभे राहून कोणी वितंडगड कुठे असे विचारत नाही. तीन कोन दिसतात, म्हणून तो तिकोनाच. दुसरीकडे रायरीचा रायगड झाला आणि लोकांनी तो मनापासून स्वीकारला, भोरप्या डोंगरावर उभा राहिलेला प्रतापगड स्वीकारला, कोंढाण्याचा सिंहगडही स्वीकारला. (सिंहगड हे नाव १६७० च्या तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमानंतरच पडले असा समज आहे, पण त्याआधीच्या पत्रव्यवहारातही ते आढळते.) जे नवे नाव लोकांनी पाहिलेल्या, भोगलेल्या घटनेला बांधले गेले ते राहिले, आणि जिथे जुने नाव डोंगराचा आकारच सांगत होते तिथे खुद्द महाराजांच्या काळातले नावही मागे पडले. औरंगजेबाने १७०० मध्ये सातारा जिंकून त्याला आझमतारा म्हटले, पुढे सिंहगडाला बक्षिंदाबक्ष आणि तोरण्याला फुतूहुल्गैब. ही नावे आज इतिहासाच्या पुस्तकांबाहेर कुठेही उरलेली नाहीत.

इंग्रजांची नावे जास्त चिवट ठरली, कारण ती पर्यटनाच्या फलकांवर बसली. महाबळेश्वरातला विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा, आर्थर सीट म्हणजे मढीमहाल. खंडाळ्याच्या कड्याला त्यांनी एका ड्यूकच्या नाकाची उपमा दिली, त्याची नागफणी आधीपासून होती आणि गिर्यारोहकांनी ती परत बोलात आणली. सिंदोळ्याचे भाग्य अजून उजळायचे आहे. माथेरानचे नाव मात्र कोणी बदलले नाही: माथ्यावरचे रान हे इतके उघड आहे की त्याला पर्याय सुचला नसावा.

एक गोष्ट मला खरोखर सलते. रेल्वेच्या आणि रस्त्याच्या हिंदी-इंग्रजी फलकांवर, मोबाइलच्या नकाशावर आणि त्यावरून बोलणाऱ्या आवाजात ‘ळ’ नाही. खंडाळ्याचा खंडाला, लोणावळ्याचा लोनावला, मावळाचा मावल होतो आणि आता मराठी मुलेही तसेच म्हणू लागली आहेत. हा केवळ शुद्धतेचा हट्ट नाही. मामाल ते मावळ हा प्रवास आपल्याला त्या ‘ळ’मुळेच ओळखता आला. ते अक्षर म्हणजे नावाच्या वयाची खूण आहे आणि ती पुसली की मागे जाण्याची वाटच बंद होते.

धरणांनी तर नावे जागेसकट बुडवली. मुळशीच्या खोऱ्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या सत्याग्रहात शेतकरी उतरले ते जमिनीसाठी, पण त्या पाण्याखाली शेतांची, पाणवठ्यांची, बांधांची नावेही गेली. कोयनेच्या विस्थापितांनी गावांची नावे बरोबर नेली आणि सपाट मुलखात नव्या वसाहतींना दिली. गावाचे नाव असे उचलून नेता येते. उताराचे, नाळेचे किंवा उंबराच्या पाण्याचे नाव नेता येत नाही, ते त्या जागीच संपते.

म्हणून मी आता डोंगरात जातो तेव्हा वहीत दोन उभे रकाने आखतो. एकात नाव, जसे उच्चारले तसे, अनुस्वार आणि ‘ळ’सकट. दुसऱ्यात अर्थ. त्या वृद्ध शेतकऱ्यांबरोबर संध्याकाळपर्यंत फिरून एकवीस नावे मिळाली, त्यांपैकी बहुतेकांपुढे त्यांनी जागा दाखवूनच अर्थ सांगितला: इथे बैल घसरतो, इथे पहिल्या पावसात खेकडी निघतात, इथे ओझे उतरून विसावा घ्यायचा. एका लहानशा टेपाडाचे नाव त्यांनी दोनदा सांगितले. अर्थ विचारल्यावर थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “त्ये आमच्या आज्यालाबी ठावं न्हवतं, दादा. नाव हाये, येवढंच.” मला लगेच दोन-तीन अर्थ सुचले होते. मी ते लिहिले नाहीत. वहीत त्या नावापुढचा रकाना अजून मोकळा आहे.